आधी चाल, मग रंग : वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती घडवताना

वाफेच्या इंजिनाचा किट पहिल्यांदा हाती आला की नजर खोक्यावरच्या चित्रावर खिळते. गर्द हिरवा बॉयलर, त्यावर नारिंगी-काळ्या रेघा, चिमणीच्या तोंडाशी तांब्याची कड, चाकांवरचे लखलखीत दांडे. खोके उघडायच्या आधीच मन रंगाच्या डबीपाशी पोचलेले असते. या छंदातल्या बहुतेक चुका त्या घाईतून होतात.

माझे पहिले पितळी इंजिन सहा चाकांचे होते. चॅसिस जोडली, वरचे अंग बसवले, रंग दिला, रेघा मारल्या, नंबर चिकटवला आणि मग ते रुळावर ठेवले. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते एकाच जागी अडखळत होते. दोष एका दांड्याच्या भोकात होता. ते केसभर सरकले होते. ते नीट करायचे तर चाके उतरवायला हवीत, चाके उतरवायची तर सगळे इंजिन खोलायला हवे. त्या उलथापालथीत महिनाभराच्या रंगकामाचे पापुद्रे निघाले आणि शेवटी सगळा रंग खरवडून उघड्या पितळेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हापासून एक नियम पाळत आलो आहे: रंग कोणताही दोष झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून आधी चाल, मग जोड आणि सगळ्यांत शेवटी रंग.

पहिला किट कोणता घ्यावा

किट मुख्यतः तीन प्रकारचे असतात: प्लास्टिकचे, व्हाइटमेटल नावाच्या मऊ मिश्रधातूच्या ओतीव भागांचे आणि आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे. शिकण्याचा क्रमही हाच ठेवावा.

रोझबड ही इंग्लंडमधली बाहुल्या बनवणारी कंपनी. तिने १९५९ साली 'किटमास्टर' या नावाने रेल्वे इंजिनांचे प्लास्टिक किट बाजारात आणले. १९६२च्या अखेरीस ते साचे एअरफिक्सने घेतले आणि पुढे त्यांतले अनेक डापोल कंपनीकडे गेले. 'रॉकेट', 'पग', 'सिटी ऑफ ट्रूरो', 'इव्हिनिंग स्टार' ही नावे त्या मालिकेतली. या किटमध्ये मोटर नसते. इंजिन तयार झाले की ते शोभेसाठी ठेवायचे. पण कापणे, जुळवणे, चिकटवणे, घासणे आणि रंगवणे या पाचही गोष्टींचा सराव इथे कमी खर्चात होतो.

पहिल्या कामासाठी 'पग' घ्या. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचे हे गोदीत डबे हलवणारे चार चाकांचे छोटे इंजिन. त्याला टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा, नाही, दांडे मोजके आहेत आणि सगळे काम तळहातावर मावते. 'इव्हिनिंग स्टार'चा मोह प्रत्येकाला होतो. ब्रिटिश रेल्वेने बांधलेले ते शेवटचे वाफेचे इंजिन, १९६० साली स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले. पण त्याची दहा चालकचाके एका ओळीत बसवणे हे चौथ्या-पाचव्या इंजिनाचे काम आहे.

दुसरी पायरी म्हणजे तयार चॅसिसवर बसणारा, व्हाइटमेटलच्या वरच्या अंगाचा किट. मोटर, चाके, दांडे कारखान्यातून जुळून आलेले असतात; आपण फक्त बॉयलर, टाकी आणि केबिन घडवायची. या दोन पायऱ्या चढल्यावरच पितळी किटकडे वळावे.

माप आणि रूळ

चाके विकत घेण्यापूर्वी माप ठरवा, कारण नंतर ते बदलता येत नाही. ब्रिटिश इंजिनांसाठी ओओ हे माप सर्वाधिक चालते. त्यात एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर, अर्थात १:७६, आणि रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. खऱ्या ४ फूट साडेआठ इंची रुळाचे या मापात जवळपास १८.८ मिलिमीटर होतात, म्हणून ओओचा रूळ समोरून थोडा अरुंद दिसतो. युरोप-अमेरिकेतले एचओ माप १:८७ आहे, तेही १६.५ मिलिमीटरच्या रुळावरच चालते आणि तिथे प्रमाण बरोबर जुळते.

आपल्या इंजिनांचे काय? भारतीय ब्रॉडगेज ५ फूट ६ इंचांचे. ओओ मापात त्याला २२ मिलिमीटरचा रूळ लागतो आणि तसा तयार रूळ सहसा मिळत नाही. त्यामुळे बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे डब्ल्यूपी इंजिन करायचे, तर अरुंद रुळाची तडजोड स्वीकारावी लागते किंवा रूळही स्वतः अंथरावा लागतो. अरुंदमापी गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली आणि १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ने भागले की ८.७६ मिलिमीटर येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ सहज मिळतो. नेरळ-माथेरानचा दोन फुटी मार्ग १९०७ सालचा. ४ मिलिमीटरच्या मापात त्याचा रूळ ८ मिलिमीटर भरतो, तोही ९च्या रुळावर खपून जातो. एन गेज या आणखी लहान मापातली तयार चॅसिस याच ९ मिलिमीटर रुळावर धावते. तिच्यावर स्वतः घडवलेले अंग बसवून आपल्या मातीतले इंजिन उभे करणे हे कोणाही मराठी छांदिष्टाला जमण्याजोगे आहे.

मापांचा हा हिशेब कागदावर समजतो, पण डोळ्यांत बसत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबाचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे. किट मागवण्याआधी एकदा तिथे जाऊन या.

मोजकी, पण चांगली हत्यारे

सुरुवातीला एवढेच घ्या: धारदार पाती बदलता येणारा चाकू, बारीक कानशींचा संच, सपाट टोकाचे चिमटे, पोलादी पट्टी, छोटा काटकोन्या, पिनव्हाइस (बारीक ड्रिल धरणारी मूठ) आणि ०.५ ते २ मिलिमीटरची ड्रिल. ४०० ते १५०० नंबरचे वॉटर पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. याशिवाय एक जाड काचेचा तुकडा हवाच. काचेइतकी सपाट वस्तू घरात दुसरी नसते. प्रत्येक चॅसिस, प्रत्येक फूटप्लेट तिच्यावर ठेवून पाहायची. डुगडुगली की ती वाकडी.

पितळेसाठी तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न घ्या. रेडिओ दुरुस्तीची २५ वॉटची आयर्न बारीक भागांना पुरते, पण जाड पितळ उष्णता ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो. ५० वॉटच्या पुढची हवी.

प्लास्टिक : सांध्यातच कस

जुन्या साच्यांतून निघालेल्या भागांच्या कडेला जादा प्लास्टिकची पातळ झालर असते. भाग ज्या प्लास्टिकच्या फांदीला जोडून येतात, तिच्यावरून ते पिळून तोडू नका. थोडे लांबून कापा, मग कानस मारून रेषेवर आणा. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा जुळवून पाहा.

बॉयलर दोन अर्ध्या भागांत येतो आणि त्याचा सांधा अगदी माथ्यावर असतो. इंजिन नवशिक्याने केले की जाणत्याने, हे त्या सांध्यावरून कळते. पातळ पॉलिस्टायरीन सिमेंट कुंचल्याने सांध्यावर टेकवा. ते आपोआप आत ओढले जाते. मग दोन्ही भाग हलके दाबा, म्हणजे विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येईल. ती लगेच पुसू नका. चोवीस तास वाळू द्या आणि मग कानस, पाठोपाठ वॉटर पेपर. उरलेल्या फटीत लांबी भरून पुन्हा घासा. नखाचे टोक आडवे फिरवा. नखाला सांधा लागला तर रंगातही तो दिसणारच.

खिडक्यांच्या काचा फेविक्विकने चिकटवू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरे धुके चढते. काचांना पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

पितळ आणि व्हाइटमेटल

पितळी किटमध्ये सपाट पत्र्यावर सारे भाग कोरलेले असतात. घडीच्या जागी पत्रा अर्धा कोरलेला असतो. सूचनेत वेगळे सांगितले नसेल तर ती रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची. रिव्हेटचे ठिपके मागून बोथट टोकाने दाबून उठवायचे असतात. हे काम भाग पत्र्यातून सुटा करण्याआधी करा. नंतर भाग वाकतो.

सोल्डरचे तापमान हा या कामाचा कणा आहे. नेहमीचे साठ-चाळीस सोल्डर १८८ अंशांच्या आसपास वितळते. मुख्य जोड त्याने करावेत. १४५ अंशांचे सोल्डर मिळते, ते बारीक भागांसाठी. त्यामुळे शेजारचा नवा तुकडा जोडताना आधीचा जोड सुटत नाही. व्हाइटमेटलला मात्र ७० अंशांचेच सोल्डर आणि मंद तापलेली आयर्न लागते. जास्त तापली तर डोळ्यांदेखत चिमणीचा गोळा होतो. ७० अंशांचे सोल्डर नुसत्या पितळेला धरत नाही. म्हणून पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर चढवायचा आणि मग त्यावर व्हाइटमेटलचा भाग बसवायचा. हे सगळे धाडस वाटत असेल तर व्हाइटमेटल ॲराल्डाइटने जोडा. त्यात कमीपणा नाही.

सोल्डर नीट धरावे म्हणून फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स वापरलात, तर त्या दिवशीचे काम त्याच दिवशी धुऊन ठेवा. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्यावर भागते. राहिलेला फ्लक्स पितळेवर हिरवट बुरशीसारखा फुलतो आणि काही महिन्यांनी रंग आतून उचलतो.

चाल : इथे घाई नाही

आता मुख्य काम. इंजिन नीट चालण्यासाठी एक गोष्ट जुळावी लागते: चाकांच्या आसांमधले अंतर आणि जोडदांड्यांच्या भोकांमधले अंतर केसभरही वेगळे असता कामा नये. म्हणून दांडे आधी करा आणि आसांच्या बेअरिंगा दांड्यांवरून बेतून बसवा. चॅसिस आधी पक्की करून दांडे नंतर त्यात कोंबायला गेलात, की माझ्या पहिल्या इंजिनाची गत होते.

पुढची गोष्ट क्वार्टरिंगची. खऱ्या इंजिनात एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या काटकोनात असतो. दोन्ही पिस्टन एकाच वेळी टोकाला आले तर इंजिन सुरूच होणार नाही, म्हणून ही योजना. प्रतिकृतीला मोटर ओढते, तेव्हा कोन ९०ऐवजी ८८ झाला तरी चालेल. पण तो प्रत्येक आसावर सारखाच हवा.

तपासणी अशी करा. मोटर न जोडता, फक्त चाके आणि दांडे लावून चॅसिस काचेवर ठेवा आणि काच हळूहळू तिरकी करा. चॅसिस स्वतःच्या वजनाने सरळ गडगडत खाली यायला हवी. अडली तर कोणत्या कोनात अडते ते पाहा, एकेक दांडा काढून कुठला जोड घट्ट आहे ते शोधा आणि तेवढेच भोक गोल कानशीने किंचित मोकळे करा. सगळी भोके एकदम रुंद करण्याचा मोह टाळा. दोष त्याने दबतो, जात नाही.

मग मोटर आणि गिअर बसवा. चाकांवरून वीज उचलणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा चाकाला हलकेच टेकल्या पाहिजेत. जोर लावला तर त्याच ब्रेक बनतात. १२ व्होल्टच्या डीसी कंट्रोलरवर मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. प्रत्येक बेअरिंगला प्लास्टिकला न खाणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो. अगदी मंद वेगात, न थांबता, न उचकता इंजिन वीतभर अंतर कापू लागले की चाल झाली. तोवर रंगाची डबी कपाटातच राहू द्या.

जुने इंजिन हाती आले तर

एखाद्या घराच्या माळ्यावर हॉर्न्बीचे जुने पत्र्याचे इंजिन किंवा १९३८पासूनच्या हॉर्न्बी डब्लो मालिकेतले ओतीव इंजिन सापडते. पहिला उत्साह असतो ते घासून नवे करण्याचा. तिथेच थांबा. कारखान्याचा मूळ रंग, जरी ओरखडलेला असला, तरी एकदा गेला की कायमचा जातो. आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, मग मऊ कुंचल्याने धूळ झाडा, ओलसर कापडाने पुसून पाहा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होते. पत्र्यावर छापलेल्या रंगाला थिनर किंवा स्पिरिट लावू नये. पूर्ण रंगवायचे ते फक्त असे इंजिन, ज्याचा मूळ रंग आधीच कोणीतरी घालवला आहे.

मोटर खोलण्यापूर्वी एक खबरदारी. जुन्या लोहचुंबकातून आर्मेचर बाहेर काढले की चुंबकाची ताकद उतरते. खरोखर गरज असेल तरच काढा आणि काढताक्षणी चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवा. बहुतेक वेळा कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसणे, त्याच्या खाचा लाकडी टूथपिकने कोरणे आणि ब्रश बदलणे यावरच मोटर फिरू लागते.

ओतीव भागाला बारीक तडे जाऊन तो फुगला असेल, तर तो मॅझॅक नावाच्या जस्त-मिश्रधातूचा रोग आहे. ओततानाच शिसे मिसळले गेल्याने धातू आतून कुजतो. त्यावर लांबी किंवा रंग हा इलाज नाही. भागच बदलावा लागतो.

रंग उतरवायचा तर आधी धातू की प्लास्टिक हे ठरवा. प्लास्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून ठेवा आणि टूथब्रशने रंग काढा. एनसी थिनरचा थेंबही लागता कामा नये, प्लास्टिक विरघळेल. सोल्डरने जोडलेल्या पितळेला थिनर चालतो. गोंदाने जोडलेले असेल तर भाग सुटतील हे गृहीत धरा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नका, पाण्यातच घासा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

आता रंग

इंजिन साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नका. बोटांचे तेल रंग धरू देत नाही. पितळेला एच (etch), म्हणजे धातूला धरून बसणारा, प्रायमर हवा, साधा प्रायमर कडांवरून सुटतो. राखाडी प्रायमरचा पातळ हात बसला की तिरक्या उजेडात इंजिन पाहा. राहिलेला प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सांधा आता दिसेल. दुरुस्तीची ही शेवटची संधी आहे, ती सोडू नका.

गाड्यांच्या टचअपचा स्प्रे स्वस्त आणि चांगला असतो, पण प्लास्टिकवर तो ओला बसला तर पृष्ठभाग तडकतो. आधी किटच्या रिकाम्या फांदीवर मारून बघा. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, इंजिनाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ हात द्या. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरचे नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. क्रमाचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: लॅकरवर एनॅमल चालतो, एनॅमलवर लॅकर चालत नाही, खालचा थर सुरकुततो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, लॅकरवर पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प त्यावर जमते. त्या चार महिन्यांत जोडकाम करा आणि रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारींसाठी राखून ठेवा. रंग वाळला का हे बोटाने बघू नका, नाकाने बघा. वास येतोय तोवर तो आतून ओला आहे.

फिकट रंग आधी, गडद नंतर. समोरच्या आडव्या तुळईचा, म्हणजे बफर बीमचा, लाल पांढऱ्या थरावर द्या, राखाडीवर तो मंदावतो. काळे इंजिन निव्वळ काळ्याने रंगवू नका; त्यात थोडा राखाडी मिसळला की एवढ्या लहान आकारात रिव्हेट आणि पट्ट्या डोळ्यांना दिसतात.

रेघांसाठी चिकटवायच्या छापील ट्रान्सफर मिळतात, पण ज्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंग शाईने केले आहे, त्यांनी कपाटातला रुलिंग पेन बाहेर काढावा. त्यात किंचित पातळ केलेला एनॅमल भरून आधी पोस्टकार्डावर रेघ साधा, मग इंजिनावर. चुकली तर एनॅमलच्या थिनरने किंचित ओल्या केलेल्या कुंचल्याने लगेच पुसता येते. ट्रान्सफर चकचकीत थरावरच बसवा. खरबरीत रंगावर त्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. शेवटी अर्धचकचकीत वॉर्निशचा हात.

फुप्फुसे आणि इंजिन, दोन्ही जपा

रंग फवारताना खिडकी उघडी ठेवा. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कोळशाच्या फिल्टरचा हवा. कानस आणि ड्रिल चालवताना चष्मा घाला. मुलांना शेजारी जरूर बसवा. सोल्डर आणि फ्लक्स मात्र त्यांच्या हातापासून दूर ठेवा. तयार इंजिन काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. समुद्राकाठच्या घरांत पत्र्याला गंज फार लवकर चढतो.

आणि एक विनंती. पहिला किट पुरा झाला की दुसरा आपल्याकडचा करा. बार्शी लाइटवर धावणाऱ्या, नेरळहून माथेरान चढणाऱ्या वाफेच्या गाड्या प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारा, उरलेल्या इंजिनांची मापे घ्या, फोटो काढा. मग ते इंजिन ९ मिलिमीटरच्या रुळासाठी घडवा. चाल जमली की मग रंग द्या.